कुत्र्यासोबत वसंतातला ट्रेक आणि मुक्काम: जागा आणि तारीख कशी ठरवावी

बहुतेक जण फोटो बघून जागा पसंत करतात, सुट्टी टाकतात, सामान काढतात आणि सगळ्यात शेवटी विचारतात, "तिथे कुत्रा चालेल ना?" हा क्रम उलटा केला की निम्मी डोकेदुखी संपते. आधी कुत्रा, मग नियम, मग वाट, आणि फोटो अगदी शेवटी.

वसंतात आणखी एक गोम असते. भर उन्हाळ्यात एखादी जागा महिनाभर साधारण सारखीच राहते. वसंतात तीच जागा पंधरा दिवसांत ओळखू येत नाही. मार्चअखेर जिथे गुडघाभर बर्फ होता, तिथे मेच्या मध्याला गोचिडांनी भरलेलं गवत उभं असतं. कुत्र्यांबाबतचे नियमही नेमके याच महिन्यांत बदलतात. त्यामुळे "कुठे जायचं" हा प्रश्न एकटा सुटत नाही. जागा आणि तारीख जोडीनेच ठरवावी लागते. पुढचे टप्पे गाळणीसारखे वापरा. प्रत्येक टप्प्यावर काही जागा बाद होतील आणि शेवटी दोन-तीन उरतील. त्यांतली एक फोटो बघून निवडा, माझी काही हरकत नाही. (लेखातले महिने उत्तर गोलार्धातले आहेत. दक्षिणेत वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो.)

## कुत्र्याचा हिशोब

कागदावर चार गोष्टी लिहा: वय, वजन, नाकाची ठेवण आणि गेल्या महिन्यात तो एका दमात जास्तीत जास्त किती चालला. यातली शेवटची सगळ्यात कामाची, आणि लोक फुगवून सांगतात तीही हीच. थंडीभर रोज अर्धा तास फिरलेल्या कुत्र्याला "त्याच्यात खूप एनर्जी आहे" म्हणून थेट पंधरा किलोमीटरच्या चढावर नेऊ नका. उत्साहाच्या भरात तो चालेलही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूतून उठणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी तर परत यायचं असतं. पहिल्या मुक्कामी ट्रेकसाठी रोजचं अंतर त्याच्या नेहमीच्या लांब फेरीच्या दीडपटीपेक्षा जास्त धरू नये, असं माझं मत आहे. पट्टा सोडलेला कुत्रा पुढेमागे पळत तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त चालतो, हेही त्या हिशोबात घ्या.

पिल्लू असेल तर थांबा. मोठ्या जातींच्या कुत्र्यांची हाडं पक्की व्हायला साधारण दीड वर्ष लागतं. तोवर लांब उतार आणि उड्या सांध्यांना महाग पडतात. म्हाताऱ्या कुत्र्याला चढापेक्षा उतार जड जातो, कारण वजन पुढच्या पायांवर येतं. पग, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा तर स्वतंत्रच विचार करावा लागतो.

त्याचं कारण त्यांच्या शरीरातच आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. त्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि ४१ च्या वर गेलं की ते जिवावर बेततं. वसंतातले पहिले गरम दिवस फसवे असतात. आपल्याला हवा छान वाटते, पण कुत्र्याच्या अंगावर अजून थंडीतली दाट लव असते आणि शरीराला उष्णतेची सवय झालेली नसते. ही सवय व्हायला काही आठवडे जातात. एरवी सुखद वाटणाऱ्या २०–२२ अंशांतही दमट हवेत, उघड्या चढावर चपट्या नाकाचा कुत्रा अडचणीत येऊ शकतो. अशा कुत्र्यासाठी लवकरची तारीख, सावलीची वाट आणि छोटं अंतर या तीन अटी एकदम पूर्ण करणारीच जागा यादीत ठेवा.

## परवानगी, आणि तीही त्याच तारखेची

"डॉग फ्रेंडली" या शब्दांवर विसंबू नका. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की कुत्रा वाहनतळापर्यंत आणि तंबूच्या मैदानात चालेल. पायवाटेवर तो चालेल की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं याचं सगळ्यात ठळक उदाहरण. बहुतेक उद्यानांत कुत्रा रस्त्यांवर आणि कॅम्पग्राउंडमध्ये नेता येतो, पण डोंगरातल्या वाटांवर नाही, आणि जिथे नेता येतो तिथे पट्टा सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही. अकेडिया आणि शेनान्डोआ यांसारखी मोजकी उद्यानं बहुतेक वाटा खुल्या ठेवतात. याउलट तिथल्या राष्ट्रीय वनांत म्हणजे नॅशनल फॉरेस्टमध्ये नियम सहसा सैल असतात. कित्येकदा सुप्रसिद्ध उद्यानाला लागून असलेल्या, नाव फारसं न ऐकलेल्या वनात तसाच डोंगर आणि तसाच ओढा मिळतो, आणि कुत्रा सोबत येतो. मी तरी शोध तिथूनच सुरू करीन.

आता तारखेचं बघू. वसंतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी अंडी घालतात, हरणं आणि मेंढ्या वितात. म्हणून अनेक देश नेमके या काळात कुत्रे बांधून ठेवायला लावतात. नॉर्वेत १ एप्रिल ते २० ऑगस्ट कुत्रा पट्ट्यावर किंवा कुंपणाच्या आत बंदिस्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. फिनलंडमध्ये हा काळ १ मार्च ते १९ ऑगस्ट असा आहे. इंग्लंडमध्ये २००० सालच्या कायद्याने खुल्या केलेल्या माळरानांवर आणि डोंगरांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात पट्टा दोन मीटरपेक्षा लांब चालत नाही, आणि गुराढोरांजवळ तर वर्षभर. म्हणजे फेब्रुवारीत मोकळा धावलेला कुत्रा मार्चमध्ये त्याच वाटेवर बांधलेला असणार. तुमचा कुत्रा पट्ट्यावर दिवसभर शांत चालत नसेल, तर या तारखांमधली जागा तुमच्यासाठी नाही. निदान या वर्षी तरी.

सीमा ओलांडणार असाल तर कागदपत्रांनाही मुदत असते. युरोपीय संघात नेताना रेबीजची पहिली लस टोचल्यावर किमान २१ दिवस जावे लागतात. फिनलंड, आयर्लंड, माल्टा आणि नॉर्वे या देशांत शिरण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत फीतकृमीचं औषध दिल्याची पशुवैद्याची नोंद लागते. मायक्रोचिपवरचा फोन नंबर जुना तर नाही ना, तेही आत्ताच बघा.

## उंची, बर्फ आणि ओढे

नकाशावर मुक्कामाची उंची बघा आणि साधं गणित करा: १००० मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याला दुपारी १६ अंश असतील, तर १५०० मीटर वर सहाच्या आसपास, आणि पहाटे गोठणबिंदूखाली. पातळ केसांचा कुत्रा अशा रात्री कुडकुडत जागा राहतो आणि त्याच्याबरोबर तुम्हीही.

वसंतातला बर्फ कुत्र्यासाठी थंडीतल्यापेक्षा वाईट. रात्री वरचा थर कडक होतो आणि दुपारी मऊ पडतो. सकाळी त्याची कड तळव्यांना कापते, दुपारी पाय पोटापर्यंत आत जातात. लांब केसांच्या कुत्र्यांच्या बोटांमध्ये बर्फाच्या गोळ्या जमतात आणि तो दर दहा पावलांनी बसून पंजे चावायला लागतो. उत्तरेकडचे उतार आणि दाट झाडीच्या घळी यांत बर्फ आठवडेच्या आठवडे मागे राहतो, म्हणून "रस्ता मोकळा झाला" एवढ्या बातमीवर जाऊ नका. वाट कोणत्या अंगाने चढते ते बघा. मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडच्या, कमी उंचीच्या डोंगराला पसंती द्या. उंच खिंडी जून-जुलैसाठी राखून ठेवा.

बर्फ वितळला की चिखल होतो. चिखलाच्या आठवड्यांत काही ठिकाणी वाटा मुद्दाम बंद ठेवतात, कारण भिजलेल्या मातीवर बूट आणि पंजे पडले की वाट कायमची खचते. वाट बंद असेल तर कडेने गवतातून जाणं हा पर्याय नव्हे.

खरी भीती ओढ्यांची. वर बर्फ असलेल्या डोंगरात दिवसभराच्या उन्हाने वितळलेलं पाणी खाली यायला वेळ लागतो. म्हणून ओढा पहाटे सगळ्यात उथळ असतो आणि दुपारनंतर फुगतो. नकाशावर तुमच्या वाटेने किती ओढे ओलांडावे लागतात आणि ते दिवसाच्या कोणत्या प्रहरी येतात, ते बघा. मोठा ओढा दिवसाच्या शेवटी येत असेल आणि पूल नसेल, तर वाट उलट्या दिशेने करता येते का ते पाहा. येत नसेल तर ती जागा बाद. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहू शकता, पण त्याच पाण्यात वीस किलोच्या कुत्र्याचे पाय सुटतात. ते बर्फाचं पाणी असल्यामुळे तो वाचला तरी थंडीने गारठतो. ओलांडताना पट्टा गळ्याला नको, पाठीवर पकडायची मूठ असलेल्या हार्नेसला हवा.

## पिण्याचं पाणी

कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. चालण्याच्या दिवशी ते सहज दुप्पट होतं. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला ट्रेकच्या दिवशी दोन लिटर धरा. तेवढं दोन किलो वजन कुणाच्या तरी पाठीवर येणार. निरोगी, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या पाठीवर सुरुवातीला त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त ओझं देऊ नये, म्हणजे आपल्या उदाहरणातला कुत्रा स्वतःचं पाणीसुद्धा कसंबसं नेईल. म्हणून दर दोन तासांच्या अंतरावर वाहतं पाणी असलेली वाट निवडणं हाच खरा उपाय.

वाहतं का? कारण साचलेल्या डबक्यांत जिआर्डिया हा जुलाब लावणारा परजीवी असू शकतो, आणि उंदीर किंवा रानातल्या जनावरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या जमिनीत आणि पाण्यात उतरतात. लेप्टोची लस असते, ती दरवर्षी द्यावी लागते. पशुवैद्याला विचारा. कुत्र्यासाठीही तुमच्यासारखंच पाणी गाळून घ्या. आणि वाटेवर तो तहानलेला असेल तर डबक्याकडे धावणारच, म्हणून त्याला तहान लागण्याआधीच वाटी पुढे करा. वसंताच्या शेवटी, हवा तापल्यावर, तळ्यावर हिरवट साय दिसली तर तिथे त्याला उतरूही देऊ नका. त्यातली काही निळी-हिरवी शेवाळं काही तासांत कुत्र्याचा जीव घेतात.

## पायाखाली काय आहे

या टप्प्यात फार वेळ घालवू नका. एवढंच बघा: वाटेवर लोखंडी शिड्या, साखळ्या, जाळीचे पूल आहेत का? तीक्ष्ण खडक किंवा सैल दगडांचा लांब पट्टा आहे का? एक शिडी म्हणजे तुम्हाला दोन मिनिटं, पण कुत्र्यासाठी भिंत. वाटेचं वर्णन करणारे लोक ती सांगायला विसरतात, कारण त्यांना ती आठवतही नाही. म्हणून कुत्रा घेऊन जाऊन आलेल्यांनी लिहिलेलं वर्णन शोधा. घरच्या गुळगुळीत रस्त्यावर वाढलेले तळवे ग्रॅनाइटवर दुसऱ्या दिवशी सोलतात. बूट घालायचे असतील तर त्यांची सवय आठवडाभर आधीपासून करा.

## गोचीड, कुसळं, सुरवंट आणि मोठी जनावरं

गोचीड हा वसंताचा कायमचा पाहुणा. काही जाती तापमान चार-पाच अंशांवर गेलं की हालचाल सुरू करतात, म्हणजे आपल्याला अजून थंडी वाटत असते तेव्हाच. गोचीड उडी मारत नाही, झाडावरून पडतही नाही. गवताच्या पात्याच्या टोकाला पुढचे पाय पसरून वाट बघत बसते. त्यामुळे उंच गवताची अरुंद वाट, झाडीची कड आणि हरणांच्या पायवाटा टाळल्या की मोठा फरक पडतो. जागा निवडताना रुंद, उघडी वाट आणि कोरडी माळाची कड या बाजूला कौल द्या. गोळी किंवा औषधी गळपट्टा निघण्याच्या दिवशी नव्हे, पशुवैद्य सांगेल तितके दिवस आधी सुरू करा. घरात मांजर असेल तर कुत्र्यासाठीची परमेथ्रिनची औषधं तिच्यापासून दूर ठेवा, मांजरासाठी ती विष आहेत.

मुक्कामावर रोज संध्याकाळी उजेड असतानाच तपासणी करा. डोळ्याने नव्हे, बोटांनी. केसांविरुद्ध दिशेने हात फिरवा आणि तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा शोधा. कानाच्या आतल्या घडीत, पापणीच्या कडेला, गळपट्ट्याखाली, पुढच्या पायांच्या काखेत, मांडीच्या आत, शेपटीखाली आणि बोटांच्या मधल्या कातडीत. सापडली की बारीक टोकाचा चिमटा तिच्या तोंडाशी, कातडीला टेकवून धरा आणि सरळ, सावकाश ओढा. तेल, काडीपेटी, स्पिरिट असले प्रकार नकोत. गोचिडींमुळे होणाऱ्या लाइम रोगाचे जंतू कुत्र्याच्या शरीरात शिरायला गोचीड सहसा २४ तासांपेक्षा जास्त चिकटलेली लागते, म्हणून रोजची तपासणी खरंच कामाला येते. इतर काही रोग याहून लवकर पसरतात, तेवढ्यासाठी औषधही हवंच.

मेच्या सुमारास गवत सुकायला लागलं की कुसळं. ती एकाच दिशेने सरकतात, म्हणून कान, नाक किंवा बोटांच्या फटीत शिरलेलं कुसळ आपोआप बाहेर येत नाही. आतच सरकत जातं. कुत्रा अचानक मान झटकायला लागला, सलग शिंकला किंवा एकच पंजा चाटत बसला तर आधी तिथेच बघा. माळरानावर जायचं असेल तर गवत हिरवं असतानाच जा.

दक्षिण युरोपात पाइनच्या रानात जाणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हिवाळ्याच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत तिथे एकामागे एक रांगेत चालणारे सुरवंट झाडावरून जमिनीवर उतरतात. त्यांचे बारीक केस जिभेला लागले की जीभ सुजते आणि काही वेळा तिचा भाग सडतो. झाडांच्या शेंड्यांना पांढरी, रेशमी घरटी लोंबत असतील तर त्या रानात तंबू लावू नका. कुत्र्याने सुरवंटाला तोंड लावलंच तर तोंड भरपूर पाण्याने धुवा, चोळू नका, आणि थेट दवाखाना गाठा.

उन्हं चढू लागली की साप दगडांवर आणि वाटांवर येऊन पडतात. अस्वलं गुहेतून बाहेर पडलेली असतात. उत्तर अमेरिकेतली आणि स्कँडिनेव्हियातली मूस हरणं पिल्लासोबत असली की कुत्र्यावर धावून जातात. मोकळा कुत्रा अस्वलाला डिवचतो आणि मग घाबरून नेमका तुमच्याकडेच पळत येतो, मागे अस्वल. अशा प्रदेशात पट्टा सोडायचाच नाही.

चराऊ कुरणातून वाट जात असेल तर वासरांसोबतच्या गाईंपासून लांबचा वळसा घ्या. गुरं अंगावर आलीच तर पट्टा सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो, तो पळून निसटतो, तुम्ही नाही. आल्प्स आणि पिरेनीजमध्ये मेंढरांच्या राखणीला मोठे पांढरे कुत्रे असतात, त्यांना तुमचा कुत्रा लांडग्यासारखाच वाटतो. मेंढरं दिसली की थांबा, लांबून जा.

## मुक्कामाची जागा

तंबूसाठी पाण्याच्या काठापासून किमान ६० मीटर दूरची जागा घ्या. संध्याकाळी आणि पहाटे जनावरं तिथे प्यायला येतात, आणि रात्रभर भुंकणारा कुत्रा कुणालाच नको असतो. वाऱ्याच्या आडोशाला, सपाट आणि सकाळच्या उन्हापासून थोडी झाकलेली जागा चांगली. आठ वाजता उन्हात तंबू आतून झपाट्याने तापतो. गर्दीच्या कॅम्पग्राउंडमध्ये कडेची, शौचालय आणि पाण्याच्या नळापासून लांबची जागा मागून घ्या. लोकांची ये-जा जितकी कमी, तितकं भुंकणं कमी.

कुत्रा तंबूतच झोपवा. बाहेर बांधलेला कुत्रा रात्री जनावरांना आमंत्रण देतो आणि त्याला थंडीही वाजते. जमिनीची गारठण रोखायला त्याच्याखाली फोमची चटई द्या. नखं आधी कापून घ्या, नाहीतर तंबूचा तळ फाटलाच म्हणून समजा. त्याचं खाणं, वाटी आणि बक्षिसाचे तुकडे तुमच्या शिध्याबरोबरच बंद डब्यात ठेवा. अस्वलाला दोन्हींत फरक नाही. विष्ठा पिशवीत भरून परत आणा. पिशवी वाटेच्या कडेला "येताना घेऊ" म्हणून ठेवणारे लोक ती येताना घेत नाहीत, एवढं मी बघितलंय.

## निघण्याआधीची दोन कामं

पहिलं, फोन. संकेतस्थळ वाचून भागत नाही, व्यवस्थापनाला थेट विचारा: माझ्या तारखेला ही अमुक वाट खुली आहे का, कुत्रा तिच्यावर चालतो का, पट्टा किती लांब, ओढ्यावर पूल जागेवर आहे का, वरचा बर्फ कुठपर्यंत आहे, नेटवर्क मिळतं का, आणि रात्री उघडा असलेला सगळ्यात जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कुठला. हा शेवटचा प्रश्न ऐकून समोरचा अडखळला तर तो दवाखाना स्वतः शोधून नंबर कागदावर लिहून ठेवा. कुत्रा चालेनासा झाला तर त्याला उचलून किती वेळ नेता येईल, याचाही विचार करा. १० किलोचा कुत्रा पिशवीत येतो, पण ३० किलोच्या कुत्र्याला दोघांनी धरूनही तासभर नेताना नाकी नऊ येतात. म्हणून मोठ्या कुत्र्यासोबत अशी वाट घ्या जिच्यात मध्येच एखाद्या ठिकाणाहून रस्त्यावर उतरता येतं.

दुसरं, तालीम. घराजवळच्या मोकळ्या जागेत किंवा गच्चीवर एक रात्र तंबूत झोपा. कुत्रा तंबूला घाबरतो का, त्याच्या झिपच्या आवाजाने दचकतो का, बाहेरच्या प्रत्येक खुसफुशीवर भुंकतो का, हे तिथेच कळेल. ज्याला ती एक रात्र जमली नाही, त्याला चार तासांच्या वाटेवर नेऊन जमणार नाही. त्याला या वर्षी फक्त दिवसभराचा ट्रेक द्या.

यादीत उरलेल्या दोन-तीन जागांपैकी एक पहिली आणि एक दुसरी ठरवा. दुसरी कमी उंचीची आणि ओढा नसलेली असावी. दोन्हींचं आरक्षण रद्द करता येईल असंच घ्या. आदल्या दिवशी हवामान, पाण्याची पातळी आणि वाट खुली असल्याची खबर पुन्हा बघा. या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट बिघडली, तर रात्रीच दुसऱ्या जागेचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या आणि सकाळी तिकडे निघा.